नादगुणाची परिभाषा : ‘जवारी’ या संज्ञेच्या संदर्भात

प्रास्ताविक :
संगीतसमीक्षेत स्वर, लय व ताल यांसाठी निश्चित परिभाषा आहे. तथापि एकच स्वर दोन वाद्यांवर भिन्न का भासतो, हे सांगताना समीक्षकाची भाषा अडखळते. गिटारवादक अॅम्प्लिफायरच्या नादाला ‘वॉर्म’, ‘ब्राइट’, ‘क्रंची’ म्हणतात. ही विशेषणे स्पर्श, दृष्टी व चर्वण यांच्या अनुभवांतून उसनी घेतलेली आहेत. आपली ‘गोड’, ‘गोल’, ‘टोकदार’ ही विशेषणेही त्याच जातीची होत. ‘जवारी’ ही संज्ञा मात्र नादाचे कारणही सांगते, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने १३ व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’मध्ये आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे प्रकार मानून त्यांची सांगड कफ, पित्त, वात व त्यांच्या मिश्रणाशी घातली. हे स्पष्टीकरण आज ग्राह्य नाही. परंतु नादामागील कारण शोधण्याची दृष्टी मोलाची आहे.

हीच दृष्टी कारागिराच्या भाषेत आढळते. मिरजेत १९ व्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा रुजली. या वाद्यांसाठी लागणारे भोपळे सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर परिसरात पिकतात. कारागीर घोडीचा माथा घासून त्याला अत्यल्प उतार देतो. तंबोऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये सुती दोराही सरकवतो. यालाच जवारी लावणे म्हणतात. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते आणि उपस्वर उमटतात. तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास लक्ष वेधले. सतारीत रविशंकरांची जवारी खुली, तर विलायत खाँ यांची बंद मानली जाते. हा भेद रुचीचा असला, तरी तो घोडीवर हाताने दाखवता येतो.

अॅम्प्लिफायरची नळीही क्षमतेपलीकडे चालविल्यास मूळ ध्वनीत नसलेले उपस्वर निर्माण करते. पण ‘क्रंच’ हा शब्द केवळ त्याचा परिणाम सांगतो. गिटारवादकांचा ‘गेन’ हा शब्द मात्र जवारीच्या जवळ जातो. कारण तो एका कृतीचे नाव आहे.

मराठी समीक्षेत ‘जवारीदार आवाज’ हा प्रयोग कंठासाठीही होतो. कंठात घोडी नाही. म्हणून तेथे ही संज्ञा रूपक होते. उपस्वरांची समृद्धी अभिप्रेत आहे की आवाजातील किंचित खर, हे समीक्षकाने स्पष्ट न केल्यास ती निव्वळ प्रशंसा उरते.

निष्कर्ष :
मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे वाद्याच्या नावाला संरक्षण लाभले. परिभाषेला ते आपोआप लाभत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा घोडी व दोऱ्याशी संबंध येत नाही. म्हणून दोरा काढून व सरकवून तंबोरा ऐकविणे हा संगीतसमीक्षेच्या अध्यापनाचा आरंभ असावा. ज्या शब्दाची परीक्षा कानाने व हाताने होऊ शकते, त्यास केवळ अलंकार होऊ देणे समीक्षेस परवडणारे नाही.