तांड्याची सुई आणि आमची टीका

घरगुती सुईकामाविषयीं मराठींत जें लेखन होतें, त्यांत स्तुति पुष्कळ असते आणि टीका जवळजवळ नसतेच. कवितेचें एखादें कडवें सैल झालें तर आमचे टीकाकार चार पानें खर्ची घालतात. परंतु बंजारा स्त्रीची कांचळी पाहिली कीं ‘लोककला’ हा एक शब्द उच्चारून मोकळे होतात. हा आदर दिसतो. वस्तुतः ही उपेक्षाच होय. जिच्या कामांत बरें-वाईट निवडण्याचे कष्ट आपण घेत नाहीं, तिला आपण कलावंत मानीत नाहीं, हें उघड आहे.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें त्यास ‘बंजारा काशी’ म्हणतात. तेथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. ही गोष्ट आनंदाची खरी. पण संग्रहालय म्हटलें कीं कांच आली, आणि कांचेंतून कापडाची एकच बाजू दिसते. सुईकामाची परीक्षा तर उलट बाजूनें होते. गांठी कोठें मारल्या, दोरा किती लांब ओढून नेला, हें मागूनच कळतें.

हा समाज एके काळीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत असे. जें कापड रोज बांधावयाचें, उलगडावयाचें आणि उन्हापावसांत वागवावयाचें, त्यास दाट टांक्यानें जाडी व बळकटी येते. घागरीखालच्या चुंबळीमागें लोंबणारा भरताचा चौकोनच घ्या. कवड्यांच्या वजनानें तो सरळ राहतो, आणि चालणारीच्या पाठीवर त्याची नक्षी हलूं लागते. येथें अलंकार व उपयोग वेगळे काढतां येत नाहींत. बाजारांतील यंत्रावर शिवलेल्या नकलेंत रंग तेच असतात, आरसेहि असतात; पण पुष्कळदां ते प्लास्टिकचे व नुसते चिकटविलेले. तिला वाईट म्हणावयाचें तें ती यंत्राची आहे म्हणून नव्हे. तिचा टांका कांहींच धरून ठेवीत नाहीं म्हणून.

उपयोगाची कसोटी कलेस हलकी आहे, असें कोणी म्हणेल. त्यानें २०२० सालचा मुखपट्टीचा अनुभव आठवावा. करोनाच्या सांथींत राज्यांतील बचतगटांच्या स्त्रियांनीं मुखपट्ट्या शिवल्या, तेव्हां कोणी कौतुकाचे शब्द शोधीत बसलें नाहीं. पदर किती, नाकावर बसते कीं नाहीं, धुतल्यावर टिकते काय, हेंच प्रत्येकानें विचारलें. घरच्या शिवणाची इतकी कसून परीक्षा क्वचितच झाली असेल. आणि तिनें शिवणारीचा अपमान झाला नाहीं, उलट तिच्या हाताची किंमत कळली.

आतां खरा प्रश्न. रोजच्या मजुरीस जाणाऱ्या मुलीनें आजीचा जड फेटिया घालावा, असा आग्रह धरण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. साडी किंवा सलवार तिनें सोयीसाठीं पत्करली. मात्र पोषाख गेला म्हणून टांकाहि जावा, असें नाहीं. कर्नाटकांतील संडूरच्या लंबाणी भरतकामास २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जुलै २०२३ मध्यें हंपी येथें अशा कामाच्या १,७५५ वस्तु एकत्र मांडिल्या गेल्या. लंबाणी म्हणजे बंजाराच. टांका त्याच कुळांतला. तेथें तो अंगावरून उतरून पिशव्यांवर व अभ्र्यांवर गेला, तरी शिवणारीस मजुरी मिळवून देतो. पण १,७५५ हा आंकडा लक्षांत राहतो, आणि त्यांतली उत्तम वस्तु कोणती व ती कोणीं केली, हें कोणी विचारीत नाहीं. विक्रम झाला, परीक्षण राहिलेंच.

म्हणून पोहरादेवीस जाणाऱ्या रसिकानें एवढें करावें. एखाद्या तांड्यावर आजीची परवानगी घेऊन तिचें कापड उलटें करून पाहावें, चांगल्यास चांगलें व कच्च्यास कच्चें म्हणावें, आणि तिचा प्रतिवाद ऐकून घ्यावा. मग लिहितांना तिच्या संमतीनें तिचें नांवहि लिहावें. आमच्या कवींस आम्ही एवढें देतोंच.