ध्रुवीय बर्फातील शिसे : 'आढळले नाही' म्हणजे किती?

क्लेअर पॅटरसन (१९२२-१९९५) या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञाची गोष्ट आता बऱ्याच शिक्षकांना ठाऊक आहे. उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून त्यांनी १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. त्या कामात प्रयोगशाळेत सगळीकडून शिरणाऱ्या शिशाने त्यांना हैराण केले. त्या शिशाचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोहोचले आणि मग उद्योगाशी त्यांची झुंज झाली. २०१४ साली 'कॉसमॉस' या दूरचित्रवाणी मालिकेचा एक संपूर्ण भाग याच कथेवर होता. गोष्ट खरी आहे आणि वर्गात ती रंगतेही. पण ज्या कामावर पॅटरसन यांचे म्हणणे उभे राहिले ते काम बहुतेकदा एका वाक्यात उरकले जाते: 'त्यांनी ध्रुवावरचा बर्फ तपासला आणि शिसे वाढल्याचे सिद्ध केले.' शिक्षकाच्या उपयोगाचे जे काही आहे ते नेमके या वाक्यात गडप होते, असे आम्हाला वाटते. म्हणून १९६९ सालचा तो शोधनिबंध कसा आहे, ते जरा बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे तो एकट्या पॅटरसन यांचा नाही. मुरोझुमी, चाऊ आणि पॅटरसन अशा तिघांचा आहे आणि पहिले नाव मुरोझुमी यांचे आहे. गोष्टीत एकच नायक मावतो, हे खरे. पण विद्यार्थ्यांना ही नावे सांगायला हवीत.

प्रश्न साधा होता. रॉबर्ट केहो यांच्यासारखे उद्योगाच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत, शिसे निसर्गातच आहे, माणसाच्या शरीरात ते पहिल्यापासून आहे, तेव्हा ठरावीक मर्यादेखाली काळजीचे कारण नाही. याला उत्तर द्यायचे तर माणसाने ढवळाढवळ करण्यापूर्वीचे पाणी हवे. ते कुठून आणायचे? १९६३ साली अटलांटिक आणि भूमध्य समुद्राच्या पाण्यात वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा शिसे जास्त असल्याचे पॅटरसन आणि तात्सुमोतो यांनी दाखवले होते. पण समुद्राचे पाणी ढवळले जाते, त्यात सनावळी मिळत नाही. ध्रुवीय हिमस्तरांत मिळते. दरवर्षीचा बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर दबून बसतो, खडकांच्या थरांसारखाच; फरक इतकाच की हे थर वितळवले की हाती पाणी येते.

उत्तर ग्रीनलंडच्या बर्फात इसवी सनपूर्व ८०० च्या सुमारास एका किलोग्रॅमला ०.००१ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी शिसे होते, तर १९६५ मध्ये ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त. म्हणजे वाढ दोनशे पटींहून अधिक, आणि सर्वांत तीव्र चढ १९४० नंतर. १९४० पूर्वीच्या वाढीचे मुख्य कारण शिसे वितळवण्याच्या भट्ट्या आणि नंतरचे पेट्रोलमधील शिसे, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. त्याच थरांतील धूळ आणि समुद्री क्षार यांचेही मोजमाप त्यांनी केले, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते. शिसे वाऱ्याने उडालेल्या मातीबरोबर आले असेल, ही शंका कोणीही काढली असती. ती त्यांनी आधीच स्वतःला विचारून ठेवली, आणि मातीच्या हिशेबात एवढे शिसे बसत नव्हते.

आता या आकड्यांचा आकार पाहा. ०.२ मायक्रोग्रॅम म्हणजे पाचशे कोटी भागांत एक भाग. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. शिशाच्या कसोटीवर ग्रीनलंडचा तो 'प्रदूषित' बर्फ आपल्याकडच्या चाचणीत पन्नास पट राखून उत्तीर्ण झाला असता! नैसर्गिक प्रमाण, नेहमी आढळणारे प्रमाण आणि चालणारे प्रमाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या दोहोंची गल्लत होते हा पॅटरसन यांचा मूळ आक्षेप होता. पाण्याच्या गुणवत्तेचा धडा शिकवताना आपण बहुधा तिसऱ्या आकड्यापाशीच थांबतो.

इतके सूक्ष्म मोजायचे कसे? पद्धत समस्थानिकांची आहे. डब्यात पांढरे तीळ किती आहेत हे मोजायचे असेल, तर त्यात मोजून शंभर काळे तीळ टाकावेत, डबा चांगला हलवावा आणि चिमूटभर तीळ काढून पांढऱ्या-काळ्यांचे प्रमाण पाहावे. इथे काळ्या तिळांच्या जागी मुद्दाम एकच समस्थानिक वाढवलेले, वजन माहीत असलेले शिसे असते. मिसळल्यानंतर काही तीळ सांडले तरी बिघडत नाही, कारण प्रमाण तेच राहते. मात्र बाहेरून पांढरे तीळ पडले तर तेही इमानाने मोजले जातात. म्हणून आम्ल, भांडी, हवा, हातमोजे या प्रत्येकातून किती शिसे आले हे वेगळे मोजून वजा करावे लागते. टायट्रेशनचा 'ब्लँक' घेताना कंटाळणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे. पॅटरसन यांच्या हयातभराच्या कामातला मोठा हिस्सा हा ब्लँक कमी करण्यात गेला.

आणि तरीही निबंधाचा अंटार्क्टिकाचा भाग कच्चा राहिला. तिथे १९४० पूर्वीच्या थरांत शिसे मोजण्याच्या मर्यादेखाली होते, नंतरच्या थरांत ०.०२ मायक्रोग्रॅमपर्यंत आले. पुढे अधिक काटेकोर मोजमापांत अलीकडच्या हिमाचे आकडे याहून बरेच कमी निघाले. जुन्या नमुन्यांत बाहेरचे शिसे शिरले असावे, असे मानले जाते. ही दुरुस्ती करणाऱ्यांत पॅटरसन स्वतःच होते, १९८३ साली, क्लोद बुत्रों यांच्याबरोबर. बर्फाचा गाभा कांद्यासारखा थराथराने सोलायचा, प्रत्येक थर वेगळा मोजायचा, आणि आकडा उतरत उतरत स्थिर झाला तरच आतल्या भागावर विश्वास ठेवायचा, अशी ही रीत. लोकप्रिय कथांत हा उत्तरार्ध नसतो. आमच्या मते पेट्रोल कंपन्यांशी झालेल्या झुंजीपेक्षा तो वर्गात अधिक मोलाचा आहे.

ग्रीनलंडचा निष्कर्ष मात्र टिकला. पेट्रोलमधील शिसे कमी झाल्यावर तिथल्या हिमातील शिसे १९६७ च्या तुलनेत सुमारे साडेसात पटींनी उतरले, असे १९९१ साली प्रसिद्ध झाले. (भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ साली.) १९९४ च्या निबंधात ग्रीक-रोमन काळातील भट्ट्यांचे शिसेही ग्रीनलंडमध्ये सापडले, त्याच्या लेखकांतही पॅटरसन आहेत.

अंटार्क्टिकातले '१९४० पूर्वी मर्यादेखाली' हे शब्द मात्र अनेकांनी '१९४० पूर्वी नव्हते' असे वाचले. २०१४ साली मॅक्कॉनेल आणि सहकाऱ्यांनी सोळा हिमगाभे तपासले, तेव्हा औद्योगिक शिसे तिथे १८८९ मध्येच पोहोचल्याचे दिसले. त्याचे समस्थानिक ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या धातुकाशी जुळतात. आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो १९११ साली, शिशानंतर बावीस वर्षांनी.

गावाच्या विहिरीचा किंवा शाळेच्या टाकीचा तपासणी अहवाल येतो, तेव्हा शिशापुढे पुष्कळदा 'आढळले नाही' असे लिहिलेले असते. हा अहवाल वर्गात फळ्यावर उतरवून घ्यावा आणि कुठपर्यंत शोधले असता आढळले नाही, हे विद्यार्थ्यांनाच प्रयोगशाळेला पत्र लिहून विचारू द्यावे. मोजण्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम असेल तर त्या दोन शब्दांचा अर्थ एक होतो, ५० असेल तर अगदीच दुसरा; कारण ५० वर मोजणाऱ्या उपकरणाला १० ची मर्यादा ओलांडलेले पाणीही ओळखता येणार नाही.