सुई अडकलेली तबकडी : समुद्रकाठच्या पबांच्या आठवणींविषयी

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द आता इतका रुळला आहे की मूळ शब्दातली एक गोष्ट त्यात गळून पडली आहे, हे सहसा लक्षात येत नाही. १६८८ साली योहानेस होफर या तरुणाने बाझल येथे सादर केलेल्या वैद्यकाच्या प्रबंधात हा शब्द घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. घरापासून दूर गेलेली स्विस माणसे ज्या ओढीने खंगत, त्या आजाराचे हे नाव. ग्रीकमधले 'नॉस्तॉस' म्हणजे घरी परतणे आणि 'अल्गॉस' म्हणजे वेदना. आपण स्मरण ठेवले आणि वेदनेच्या जागी रंजन आणले. याला भाषांतरातली चूक म्हणण्यापेक्षा प्रामाणिक कबुली म्हणावे, असे मला वाटते. जुन्या दिवसांविषयी आपण जे लिहितो-वाचतो, त्यातले पुष्कळसे खरोखरच रंजन असते. समीक्षेने विचारायचा प्रश्न इतकाच, की त्यातली वेदना गेली कुठे आणि ती कोणाच्या वाट्याला आली?

हा प्रश्न तपासण्यासाठी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची गावे सोयीची आहेत. ब्लॅकपूल, ब्रायटन, मार्गेट ही नावे घेतली की तिथल्या एका पिढीला समुद्राच्या आधी पब आणि नाचाची सभागृहे आठवतात. बंद पडलेल्या पबांच्या आणि नाइटक्लबांच्या आठवणी हा तिथे आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच झाला आहे. त्याचा साचा ठरलेला असतो: कोपऱ्यावरचा पब, नाव घेऊन बोलावणारी मालकीण, शनिवारची रात्र, शेवटचे संथ गाणे, पहाटे समुद्रकाठाने पायी घरी येणे, आणि शेवटी, तिथे आता सदनिका झाल्या आहेत, हे एक वाक्य. या साच्याला हसणे सोपे आहे. पण तो कशावर उभा आहे हे आधी पाहायला हवे.

ती रात्र आपोआप घडलेली नव्हती. तिच्यामागे सुट्ट्यांचे आणि दारूचे कायदे होते. १८७१च्या कायद्याने बँकांना ठरावीक सुट्ट्या दिल्या आणि त्या हळूहळू सगळ्यांच्या झाल्या. लँकेशायरमधल्या कापडगिरण्यांच्या गावांत वर्षातून एक आठवडा गिरण्या बंद ठेवण्याची चाल होती. त्या आठवड्यात गावच्या गाव उठून ब्लॅकपूलला जाई. १८९४मध्ये तिथला मनोरा उघडला, १८९६मध्ये विंटर गार्डन्सचे एम्प्रेस नृत्यगृह झाले. १९३८च्या कायद्याने पगारी सुट्टीची वाट मोकळी केली. वर्षभर पेनी-पेनी साठवून आलेला गिरणीकामगार सोनेरी नक्षीच्या छताखाली नाचत असे आणि शेजारच्या टेबलावर त्याच्याच आळीतला माणूस बसलेला असे. अनोळखी गावात ओळखीची माणसे, हे त्या रात्रीचे खरे आकर्षण होते.

दुसरा कायदा वेळेचा. पहिल्या महायुद्धात पबांच्या वेळांवर आलेली बंधने युद्ध संपल्यावरही राहिली. दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती १९८८पर्यंत टिकली. रात्री साडेदहा-अकराला घंटा वाजे आणि 'लास्ट ऑर्डर्स'ची हाक येई. त्यानंतरही दारू द्यायची, तर विशेष परवाना लागे. आणि त्याची अट अशी, की तिथे संगीत, नाच व खाणे असले पाहिजे आणि दारू ही त्यांच्या जोडीला असली पाहिजे. परडीत वाढलेली कोंबडी आणि बटाट्याचे काप ही त्या काळच्या क्लबांची खूण म्हणून आठवणींत पुन्हा पुन्हा येते. ती परडी तिथे असण्यामागे भुकेइतकाच हा कायदाही होता. पब आणि नाइटक्लब यांच्यातली सीमारेषा अशी घड्याळाने आखलेली होती. २००३चा नवा कायदा २००५च्या नोव्हेंबरात अमलात आला, पबांना उशिरापर्यंत उघडे राहण्याची मुभा मिळाली आणि ती रेषा पुसट झाली. त्याच्या कितीतरी आधी, साठ-सत्तरच्या दशकांत, स्वस्त विमानप्रवासाने गिऱ्हाईक स्पेनच्या उन्हात नेले होते. म्हणजे बंद दारांपाशी आज जे हळहळतात, त्यांच्यापैकी कित्येकांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी स्वतःच ती दारे सोडली होती. स्मरणरंजनाच्या लेखनात हे वाक्य सहसा येत नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. पबाविषयीच्या हळहळीचा आदर्श नमुना म्हणून जॉर्ज ऑर्वेलचा 'द मून अंडर वॉटर' हा १९४६चा छोटा लेख दाखवला जातो. आपल्या आवडत्या पबाचे गुण तो एकेक करून सांगतो: तिथले लाकूडकाम, गप्पा मारता येतील अशी शांतता, मागची बाग, गिऱ्हाइकांना नावाने ओळखणाऱ्या बाया. वाचक तिथे जायला निघणार, इतक्यात ऑर्वेल सांगतो की असा पब नाही. या कलाटणीत लेखाचे सगळे मोल आहे. आपण आठवण सांगत नसून इच्छा सांगत आहोत, हे त्याने लपवले नाही. गंमत अशी की पुढे एका मोठ्या पब-साखळीने या लेखाचे नाव आपल्या अनेक पबांना दिले. अस्तित्वात नसल्याचे कबूल केलेली जागा पाटी लावून विकता येते, हे स्मरणरंजनाच्या बाजारपेठेविषयी पुष्कळ काही सांगते.

ऑर्वेलने ज्याचे परीक्षण केले होते ते 'द पब अँड द पीपल' हे १९४३चे पुस्तक याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. टॉम हॅरिसन आणि त्याच्या 'मास ऑब्झर्वेशन' या संस्थेच्या निरीक्षकांनी बोल्टनच्या पबांत बसून लोक किती पितात, किती वेळात पितात, काय बोलतात याच्या नोंदी केल्या. घर आणि कामाची जागा सोडली तर माणसे सर्वाधिक वेळ पबात घालवतात, असे त्यांना दिसले. हेच निरीक्षक सुट्टीत बोल्टनकरांच्या मागोमाग ब्लॅकपूललाही गेले. तिथल्या वाळूवर चालणाऱ्या स्वैराचाराच्या कथा सर्वत्र पसरलेल्या होत्या. प्रत्यक्षात शोधूनही त्यांना फारच थोडे सापडले. दंतकथा त्या काळीच तयार होती. स्मरणाने ती नंतर रचली, असेही म्हणता येत नाही.

या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद मात्र खोल्यांची आहे. एका पबात अनेक खोल्या असत. 'व्हॉल्ट' आणि 'टॅपरूम' या साध्या खोल्यांत बिअर पेनीने स्वस्त, आणि तिथे बायकांना मज्जाव. बायकांनी बसायचे ते गाद्यागिरद्यांच्या, महाग खोलीत. 'सगळे एकत्र जमायचे' असे जिचे वर्णन आठवणींत येते, त्या वास्तूचा नकाशाच लोकांना वेगळे ठेवणारा होता. वर्णाचीही भिंत होती. रंगावरून पबात किंवा नाचघरात प्रवेश वा सेवा नाकारणे बेकायदा ठरायला १९६५ साल उजाडावे लागले. त्याच रात्रीची आठवण दाराबाहेरून परत फिरवलेल्या माणसालाही असणार. दोन आठवणी शेजारी ठेवल्याखेरीज त्या रात्रीचा इतिहास पुरा होत नाही.

ग्रॅहम ग्रीनची 'ब्रायटन रॉक' (१९३८) ही कादंबरी सुट्टीच्या गर्दीने फुललेल्या ब्रायटनमध्ये सुरू होते. मारेकरी मागावर असलेला हेल एका पबातून दुसऱ्या पबात फिरतो आणि तिथे त्याला आयडा भेटते. जुनी गाणी गाणारी, पटकन डोळ्यांत पाणी आणणारी, खाण्यापिण्यावर आणि माणसांवर प्रेम करणारी ही बाई म्हणजे पबाची मूर्तिमंत ऊब आहे. हेल मेल्यावर त्याच्यासाठी कोणी उठत नाही. थोड्या वेळाच्या ओळखीवर आयडाच उठते आणि खुनाचा छडा लावते. पबातल्या ओळखीला ग्रीनने दिलेली ही मोठीच दाद आहे. पण त्याच ग्रीनने आयडाची मर्यादाही दाखवली. सतरा वर्षांच्या पिंकीचा थंड दुष्टपणा आणि रोझची त्याच्यावरची आंधळी निष्ठा यांच्या तळापर्यंत तिची नजर पोहोचतच नाही. तिला योग्य-अयोग्य कळते, पाप-पुण्याची भीती कळत नाही. भाबडेपणात करुणा असते, पण आकलन असेलच असे नाही. स्मरणरंजनाच्या चांगल्या लेखनाविषयीही मी हेच म्हणेन.

कादंबरीच्या शेवटी रोझ एक तबकडी ऐकायला निघाली आहे. पिंकीने धक्क्यावरच्या यंत्रात आपला आवाज तिच्यासाठी मुद्रित केलेला आहे. त्यात प्रेमाचे शब्द असतील असे तिला वाटते. त्यात तिरस्कार आहे हे वाचकाला ठाऊक आहे. ती चालत असतानाच कादंबरी थांबते. १९४७च्या चित्रपटात हा शेवट बदलला. तिथे रोझ तबकडी लावते, प्रेमाच्या शब्दांपाशी सुई अडकते आणि तेवढेच शब्द पुन्हा पुन्हा वाजत राहतात. पुढचा विखार तिला कधी ऐकूच येत नाही. स्मरणरंजनाची याहून नेमकी प्रतिमा मला माहीत नाही. जे वाजते ते खोटे नसते, तो आवाज त्याच माणसाचा असतो. फक्त सुई पुढे सरकत नाही. प्रेक्षकाला दिलासा देणारा चित्रपटाचा शेवट आणि वाचकाला उघड्यावर सोडणारा कादंबरीचा शेवट, या दोहोंतले अंतर म्हणजेच रंजन आणि वेदना यांतले अंतर.

ही सुई पुढे सरकवणारी कादंबरी म्हणून मी ग्रॅहम स्विफ्टच्या 'लास्ट ऑर्डर्स'कडे (१९९६, बुकर पारितोषिक) पाहतो. शीर्षकातच श्लेष आहे: पबातली शेवटची हाक आणि मरणाऱ्याची अखेरची आज्ञा. लंडनच्या बर्मंड्सी भागातला खाटीक जॅक मरतो. त्याची रक्षा मार्गेटच्या धक्क्यावरून समुद्रात सोडायची आहे. त्याचे तीन मित्र आणि मानलेला मुलगा पबात जमतात आणि मोटारीने निघतात. वाटेत पुन्हा पब लागतात, पुन्हा प्याले, पुन्हा जुनी भांडणे. ज्या मार्गेटला निवृत्तीनंतर राहायचे जॅकने ठरवले होते, तिथे तो डबीतून पोहोचतो. शिवाय त्याच्या आणि त्याची बायको एमी हिच्या आठवणीतला जुना धक्का आता तिथे नाही. मार्गेटची ती जेटी १९७८च्या वादळात मोडून गेली. उरलेल्या बंदराच्या बांधावर काम भागवावे लागते. परतायची जागा नाहीशी झालेली असताना परत जाणे, हा 'नॉस्टॅल्जिया'चा मूळ अर्थ स्विफ्टने एका साध्या भौगोलिक तपशिलात पकडला आहे.

पण त्याहून मोलाचे आहे ते एमीचे गाडीत नसणे. ती मार्गेटला जात नाही. जिला जॅकने कधी आपली म्हटले नाही, त्या मतिमंद मुलीला भेटायला ती त्या दिवशीही बसने जाते. मार्गेट म्हणजे तिच्या लेखी सहलीचे गाव नव्हे. नवरा आणि मुलगी यांतून एकाला निवडावे लागले ते गाव. स्विफ्टने तिला स्वतःची प्रकरणे दिली आहेत, तिच्या आवाजात. पुरुषांच्या गप्पांचा गोडवा तो नाकारत नाही, पण त्या गप्पांची किंमत घरी बसून कोणी चुकवली, तिला तो बोलू देतो.

इथे मला गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण होणे अटळ आहे. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश कमालीचे विनोदी आहेत, तळीराम आजही लोकांना पाठ असतो. तरीही कोणी मराठी प्रेक्षक त्या मंडळासाठी हळहळला नाही, कारण गडकऱ्यांनी दिवा सिंधूच्या झोपडीत लावून ठेवला होता. आपल्याकडे दारूची जागा वाङ्मयात आली ती बहुधा घराच्या बाजूने पाहिलेली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर तर ती परवान्याची आणि चोरीची जागा झाली. म्हणून मराठी माणसाचे स्मरणरंजन इराण्याच्या संगमरवरी टेबलांकडे, अमृततुल्य चहाकडे, फार तर कोलटकरांच्या 'वेसाइड इन'कडे वळले. यात आपली नैतिक उंची पाहण्याचे कारण नाही. इराण्याच्या हॉटेलातही टेबलाशी तासन् तास बसणारे बहुतेक पुरुषच होते आणि त्या आठवणींतही सिंधू कुठे दिसत नाही. इंग्रजी पबाच्या आठवणी दारामागचे घर विसरल्या. आपल्या आठवणींनी पेय बदलले, विसरणे तेच ठेवले.

मग असे लेखन करूच नये का? तसे मला म्हणायचे नाही. ब्लॅकपूलच्या नृत्यगृहात वर्षातून एक आठवडा राजासारखे वावरलेल्या गिरणीकामगाराच्या आनंदाची नोंद सरकारी कागदांत नाही. आज ती अशा आठवणींतच सापडते आणि ती नोंद मौल्यवान आहे. तो आनंद खरा होता. प्रश्न त्यापुढचा आहे: घंटा कोणत्या कायद्याने वाजत होती, महाग खोलीत कोणाला बसवले जात होते, दारातून कोण परत गेले आणि घरी कोण जागे होते? हे विचारल्याने गाणे बेसूर होत नाही. सुई पुढे सरकते इतकेच. दिवाळी अंकांतूनही आपण दरवर्षी जुन्या गल्ल्या, जुनी हॉटेले, जुने कट्टे यांच्यावर भरभरून लिहितो, वाचतो. त्या पानांवर थांबताना रोझच्या हातातली ती तबकडी एकदा आठवावी आणि उरलेली बाजूही ऐकण्याची तयारी ठेवावी.