ओटी, सोपा, सपरी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत एकाच वस्तूला हळदकुंकू वाहिले जाते. पण तिचे नाव मात्र घरोघर एक नसते. पुण्याकडे ती केरसुणी. सोलापूर-कोल्हापूरच्या खेड्यांत साळुता. मराठवाड्यात कुठे शिराई, कुठे फडा. मालवणी मुलखात वाडवण. त्या एका संध्याकाळी ती सगळीकडे लक्ष्मी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापले नाव घेऊन कोपऱ्यात उभी राहते.

परमुलखातली सून घरात आली की पहिला महिना अशाच शब्दांच्या गमतीत जातो. वऱ्हाडातून आलेली मुलगी सराटा मागते, सासूबाई उलथणे शोधीत असतात, कोकणातली जाऊ म्हणते, “अहो, कालथा हवाय तिला,” आणि साताऱ्याकडची मोलकरीण हसत हसत उचटणे पुढे करते. धिरडे तव्याला लागायचे ते लागतेच. पण यातून कोणाचे काही बिघडत नाही. वस्तू एक, नावे चार; चारही नावांनी धिरडे उलटते. भाषेतल्या प्रदेशभेदाची चर्चा निघाली की आपण अशीच उदाहरणे देतो, दोन घटका हसतो आणि विषय संपला असे समजतो. माझे म्हणणे असे की विषय खरा सुरू होतो तो याच्या पुढे, जिथे वस्तूच एक नसते तिथे.

धान्य साठवण्याचेच पाहा. देशावरच्या कोरड्या मुलखात शेतकरी जमिनीत पेव खणीत असे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. घराच्या आत बळद असे, म्हणजे धान्यासाठी बांधून काढलेली अंधारी जागा. सोलापूरकडे वर्षाला वीस-पंचवीस इंच पाऊस. तिथे जमिनीच्या पोटात दाणा सुरक्षित राहतो. कोकणात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. तिथे पेव खणले तर दाण्याचे काय होईल हे सांगायला नको. म्हणून तिथे भाताच्या पेंढ्यात आवळून बांधलेली मुडी आली, बांबूची कणगी आली. आता एखाद्या शब्दार्थाच्या यादीत ‘मुडी म्हणजे धान्याचे साठवण’ आणि ‘पेव म्हणजे धान्याचे साठवण’ असे छापले, तर दोन्ही अर्थ बरोबर ठरतील आणि दोन्ही वस्तू हातून जातील.

छपराचेही तसेच. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण आपण शाळेत सर्व मुलांना शिकवतो. ज्याच्या घराला उतरते छप्पर आहे, आढे आहे, ज्याने पागोळ्यांखाली हात धरला आहे, त्याला ती शिकवावी लागत नाही. पण मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात वाढलेल्या मुलाने काय करावे? तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती, ती चोपून सपाट केलेली. उजेड यायचा तो वरच्या साण्यातून आणि पावसाचे पाणी जायचे ते पन्हाळीतून. तिथे आढे नाही आणि वळचणही नाही. ती म्हण माळवदाखाली जन्माला येणे शक्यच नव्हते. उलट उन्हाळ्याच्या रात्री सगळे घर माळवदावर अंथरुणे टाकून चांदण्यात झोपते, हे सुख कौलारू घराच्या वाट्याला कुठले! धाराशिवकडचा मुलगा ‘माझे घर’ या निबंधात लिहितो, ‘आम्ही माळवदावर झोपतो’, आणि तपासणारा त्याखाली लाल रेघ ओढून वर ‘गच्ची’ लिहितो. असे निबंध मी शिक्षकांच्या खोलीत पाहिले आहेत. गच्ची काय आणि माळवद काय, असे म्हणणाऱ्याने दोन्ही ठिकाणी एकेक रात्र काढून पाहावी.

आणि वाडा! पुण्याचा माणूस ‘आमचा वाडा’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दिंडीदरवाजा आणि चौक असतो. कोकणातला शेतकरी ‘वाड्यात जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा तो गुरांकडे निघालेला असतो. सोयरीक जमवताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

हे सारे कोशात नाही काय? आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची १८५७ची आवृत्ती उघडा. घरातल्या किती तरी वस्तू तिथे नीट मांडलेल्या दिसतील. १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे मंडळींनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले; त्यांत शब्द कोणत्या मुलखाचा तेही कंसात दिले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून गावोगाव जाऊन बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे. ही कामे मोलाची आहेत. पण कोश शब्दाचा अर्थ सांगतो आणि नकाशा त्याचे गाव सांगतो. त्या जागेत कोण बसते, कोण कधीच बसत नाही, सुनेने कोणता उंबरा कोणासमोर ओलांडायचा नाही, हे सांगणे कादंबरीचे काम. आमच्या कादंबरीने ते कितपत केले?

ओटी, सोपा आणि सपरी हे तीन शब्द घ्या. शब्दार्थाच्या यादीत तिन्हींपुढे ‘ओसरी’ असे लिहिलेले असते. पण कोकणातली ओटी उंचावर असते, तिच्यापुढे खाली पडवी. आलेला माणूस कोण आहे यावर त्याला पडवीत थांबवायचे की ओटीवर घ्यायचे हे ठरत असे. दोन पायऱ्यांत सारी जातपात आणि सारा मानपान मावलेला असे. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या सोप्यात म्हातारा घोंगडे टाकून बसतो आणि अनेक घरांत पलीकडे बैलही बांधलेले असतात. माणूस आणि जनावर एकाच छपराखाली. वऱ्हाडातली सपरी म्हणजे घरापुढची उतरत्या छपराखालची मोकळी जागा. दुपारच्या उन्हाचा ताव तिच्याशिवाय सोसत नाही. या तिघींना एकच नाव देणारा लेखक त्या घरांत कधी बसलेला नाही असे खुशाल समजावे.

१९५५ साली दोन कादंबऱ्या आल्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’. ‘बनगरवाडी’त गोष्ट सांगतो तो बाहेरून आलेला तरुण शाळामास्तर. माणसे बोलतात माणदेशी, मास्तर सांगतो पुस्तकी मराठीत. आणि ते अगदी योग्य आहे, कारण तो पाहुणा आहे. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला हे फार पटते. परगावी नेमणूक झालेला मास्तर घरे बाहेरूनच पाहतो; चूल कशी मांडली आहे हे त्याला कोण दाखवणार? त्या कादंबरीत रान, मेंढरे, चावडी, तालीम लख्ख दिसतात. घराचे अंतरंग दिसते ते मास्तराला दिसेल तेवढेच. माडगूळकरांनी ती मर्यादा प्रामाणिकपणे पाळली हा त्यांचा मोठेपणा.

‘पडघवली’त गोष्ट सांगते अंबूवहिनी. तिने ते घर सारवलेले आहे. माजघर, पडवी, आगर हे शब्द तिच्या तोंडी येतात तेव्हा ती ते कोणाला समजावून देत नाही. आपल्या हाताची बोटे कोणी समजावून देतो काय? गाव उजाड होत जाते, घरे मिटत जातात, तेव्हा वाचकाला जो चटका बसतो तो याच शब्दांमुळे. ‘एक खोली बंद झाली’ आणि ‘माजघरात दिवा लागेना’ यांत जे अंतर आहे ते अंतर त्या कादंबरीला माहीत आहे. पुढे १९७१ साली आनंद यादवांनी ‘गोतावळा’ लिहिली आणि सांगण्याचे काम थेट मळ्यावरच्या गड्यालाच दिले, सबंध निवेदन त्याच्याच बोलीत. नारबाला स्वतःचे घर नाही. गुरेढोरे हाच त्याचा संसार. म्हणून गोठ्याचे शब्द तिथे घराच्या शब्दांसारखे उबदार होतात.

यावरून मला वाटते ते असे. बोली संवादात आणणे सोपे आहे. कानाने ऐकले की लिहिता येते. कस लागतो तो निवेदनात. पात्रांनी ‘म्या’ आणि ‘तुमास्नी’ म्हणायचे आणि लेखकाने स्वतः मात्र ‘स्वयंपाकघर’, ‘दिवाणखाना’ म्हणायचे, ही आमच्या ग्रामीण म्हणवणाऱ्या कथेतली जुनी खोड आहे. अशा कथेत पात्रे आपल्या घरात राहतात आणि लेखक शेजारच्या विश्रामगृहात.

कोणी म्हणेल, बोलीतला माणूस काय एकाच शब्दाने बांधलेला असतो? मुळीच नाही, आणि याचा सुंदर पुरावा बहिणाबाई चौधरींनी ठेवला आहे. १९५२ साली त्यांची गाणी छापून आली तेव्हा शहरी वाचकाला घरोट हा शब्द नवा होता. खानदेशात घरोट म्हणजे जाते. (कोकणात त्याचा भाऊ घिरट, पण त्याने पीठ दळत नाहीत, भात भरडून तांदूळ काढतात.) बहिणाबाईंना जाते हा शब्द ठाऊक नव्हता असे नाही. ज्यातून पीठ येते त्याला ‘जाते’ कसे म्हणावे, अशी कोटी त्यांनीच करून ठेवली आहे. म्हणजे त्या निरक्षर बाईजवळ दोन्ही शब्द होते आणि त्यांतला खेळ तिला दिसत होता. आम्हा शिकलेल्यांजवळ बहुधा एकच असतो आणि आम्ही त्यालाच शुद्ध म्हणतो.

आता उलटाही रोग आला आहे. जुने शब्द हौसेने पेरण्याचा. हल्लीच्या कित्येक कथांत भाणवस, वैल, काथवट, घडवंची असे शब्द हळदीकुंकवाच्या वाणासारखे वाटलेले असतात. मी एक साधी परीक्षा करतो: कथेतल्या घरात मनातल्या मनात चालून पाहतो. सोलापूरच्या माळवदाच्या घरात पागोळ्या गळू लागल्या की मी पुस्तक मिटतो. नायक ओटीवरून उठून दोन पावलांत भाणवशीवरची काड्यापेटी उचलतो, तेव्हा ते घर लेखकाने बांधलेले नसून कोशातून उचललेले आहे हे कळते. चुलीमागचा तो कट्टा ओटीपासून किती दूर, मध्ये माजघर किती अंधारे, आणि परक्या पुरुषाने तिथवर जाणे किती अवघड, हे ठाऊक असते तर ती काड्यापेटी आणायला त्याने कोणा पोराला हाक मारली असती.

आणि खुद्द घरे? सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत नव्या इमारतींत आता हॉल, किचन, बेडरूम. ओटी नाही, सोपा नाही, सपरी नाही. त्याबद्दल रडण्याचे मला कारण दिसत नाही. पडवीत ताटकळणाऱ्या माणसाला हॉलमध्ये थेट खुर्ची मिळत असेल तर तो शब्द गेला ते बरेच झाले. मात्र एक शब्द चिवट निघाला. ओटा पूर्वी घराबाहेर असे. संध्याकाळी पुरुषमाणसे त्यावर बसून तंबाखू मळीत आणि घरातल्या बायका दाराआडून त्यांचे बोलणे ऐकत. आता तो घराच्या अगदी आत गेला आहे, गुळगुळीत दगडाचा झाला आहे, त्यावर गॅसची शेगडी आहे, आणि त्यापुढे बहुतेक घरांत अजून बाईच उभी असते. तो बाहेरून आत कसा आला, कोणत्या वर्षी, कोणाच्या घरात, आणि त्याबरोबर बसण्याची जागा जाऊन उभे राहण्याची कशी झाली, यावर कोणी कादंबरी लिहिली तर मी ती पहिली विकत घेईन.