नाणेसंग्रह आणि लेखाचे वाचन

नबाती राजांची काशाची नाणी आज पाश्चात्त्य संग्राहकांस फारसा खर्च न करिता मिळू शकतात. चौथ्या अरेटसाच्या (इ. स. पू. ९ ते इ. स. ४०) लहान नाण्यांवर एका बाजूस राजा व राणी यांची जोडमुखे आणि दुसऱ्या बाजूस परस्परांस छेदणारी दोन समृद्धिशृंगे असतात. शृंगांच्या मधल्या जागेत अरामी लिपीच्या नबाती वळणात राजाचे ‘हारितत’ व राणीचे ‘शकीलत’ अशी नावे कोरलेली असतात. इ. स. १०६ मध्ये त्राजनाने हे राज्य रोमला जोडले आणि ही नाणी पाडणे थांबले. संग्राहक त्यांतून ज्याची दोन्ही नावे स्वच्छ वाचता येतील असा एक नमुना निवडतो व उरलेली झिजलेली म्हणून बाजूस सारतो. या निवडीवर आक्षेप घेण्यासाठी पेत्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या विदर्भातील उदाहरण अधिक बोलके आहे.

१९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी (तेव्हा अकोला, आता वाशीम जिल्हा) सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा संचय मिळाला. नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची. दर्शनी बाजूस सोंड उचललेला हत्ती व भोवती राजाचे नाव, मागील बाजूस उज्जयिनी चिन्ह. वा. वि. मिराशी यांनी या संचयाचे वाचन केले आणि पुराणांच्या वंशावळींत न आढळणारी कुंभ, कर्ण व शक या सातकर्णींची नावे इतिहासास मिळाली. हे वाचन कसे साधले, इकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे मला वाटते. नाण्याची चकती ठशाहून लहान असल्यामुळे एका नाण्यावर संपूर्ण लेख उमटत नाही. एकावर ‘रञो सिरि’ एवढेच येते, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरे, तिसऱ्यावर केवळ शेवटचे ‘णिस’. ही खंडित अक्षरे शेजारी शेजारी ठेवूनच लेख पुरा करावा लागतो. संग्राहक ज्यांस टाकाऊ म्हणेल, त्याच नाण्यांवर हे वाचन उभे आहे. तो संचय सराफांमार्फत शंभर घरी विखुरला असता तर प्रत्येक घरी एक सुबक हत्ती राहिला असता, परंतु कुंभ सातकर्णी कोठेही राहिला नसता.

येथे भाषाभ्यासकाची एक तक्रार नोंदवून ठेवितो. ‘कर्ण’ हे रूप नाण्यावरचे नव्हे. ते संपादकाने केलेले संस्कृतीकरण आहे. तत्कालीन ब्राह्मी लेखनात द्वित्त दाखविण्याची रीत नाही व अनुस्वारही पुष्कळदा गळतो. ‘कण’ लिहून ‘कण्ण’ उच्चारीत असावेत हे अनुमान रास्तच आहे. पण इतिहासग्रंथांत केवळ ‘कर्ण’ छापले म्हणजे वाचन कोठे संपले व अनुमान कोठे सुरू झाले हे विद्यार्थ्यास कळत नाही.

संग्राहकाची बाजूही मांडली पाहिजे. पंडित भगवानलाल इंद्रजी स्वतः संग्राहक होते. त्यांची नाणी त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमकडे गेली आणि रॅप्सनच्या १९०८ च्या सूचीस त्यांचा मोठाच आधार मिळाला. सोपाऱ्याच्या स्तूपातील अस्थिकरंडकात यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे त्यांनाच १८८२ मध्ये सापडले. नाणे नेमके कोठून निघाले हे ठाऊक असल्यामुळे त्यावरून स्तूपाच्या त्या ठेवीच्या काळाविषयीही बोलता येते. या जातीच्या चांदीच्या नाण्यांवर दर्शनी बाजूस प्राकृत लेख असतो व मागे दुसऱ्या बोलीतला. मागील लेखात षष्ठीचा प्रत्यय म्हणून रॅप्सनने ‘ष’ वाचला आणि ‘हातकणिष’ हे प्राकृताचेच एक रूप मानले. पुढील अभ्यासकांनी तेच अक्षर ‘कु’ असे वाचले. ‘हातकणिकु’ होताच लेख द्राविडी ठरतो. मग त्यास कोणी तमिळ म्हणतो, कोणी तेलुगूच्या जवळचा. मला ‘कु’ हेच वाचन ग्राह्य वाटते, कारण लेखातील ‘मकण’, म्हणजे पुत्र, हा शब्द प्राकृतात बसवून दाखविणे कठीण आहे. सातवाहनांच्या राज्यात प्राकृताबरोबर दुसऱ्या कोणत्या भाषेला राजमुद्रेवर स्थान होते, हा प्रश्न अशा रीतीने एका अक्षराच्या वळणावर येऊन ठेपतो. या वादात उपयोगी पडलेल्या नमुन्यांपैकी अनेक खाजगी संग्रहांतून पुढे आले, हे नाकारता येणार नाही.

म्हणून आक्षेप संग्रहावर नसून निवडीवर आणि मौनावर आहे. नाणे आम्लात घालून चकचकीत केले की काठाशी उरलेली अर्धी अक्षरे जातात. गाव विचारून ठेवले नाही की संचयाचा संबंध तुटतो. १८७८ च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक करण्यात आले, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष गणले आहे. परंतु कायदा नाणे सांभाळील. ते कोणत्या नाण्यांसोबत, कोणत्या भांड्यात होते हे त्या वेळी लिहून ठेवणाऱ्यालाच सांगता येईल. नागपूरच्या दक्षिणेस बेसा भागात शेते मोडून घरांचे पाये खोदले जात आहेत. विदर्भात अशा खोदकामात मडके लागलेच, तर आमच्या विद्यार्थ्याने प्रथम सर्व नाणी, फुटकी व अवाच्यही, एकत्र मोजावीत, न धुता प्रत्येकाचे वजन घ्यावे, आणि मग उरलेल्या अक्षरांची नोंद जशीच्या तशी, संस्कृत रूप न देता, करावी.