शंभर खाचांचा ज्युकबॉक्स आणि ‘एकक’ नावाची भानगड

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामाने गेल्या हिवाळ्यात एक जुना सीडी ज्युकबॉक्स विकत घेतला. हॉटेलातून काढून टाकलेला, कपाटाएवढा, 100 सीडी बसणारा. तो बेसमेंटमध्ये ठेवला आणि मला फोन केला, “अगं, तू संशोधन करतेस ना? मग मला शंभर अल्बमची यादी करून दे.” संशोधन करणाऱ्याला सगळ्या याद्या करता येतात असा आपल्या नातेवाइकांचा समज असतो. (खरं तर आपण याद्या करण्यातच तीन वर्षं घालवतो, त्यामुळे समज अगदीच चुकीचा नाही.)

मी सोपा मार्ग धरला. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची ‘500 सर्वश्रेष्ठ अल्बम’ ही यादी उघडली, वरचे ऐंशी घेतले, त्यात आपले वीस मराठी-हिंदी-शास्त्रीय घातले, काम संपलं. मामाकडे तीनशेहून जास्त सीडी आहेत, त्यामुळे बहुतेक घरातच मिळाल्या. दोन शनिवार मित्रमंडळी जमली, रमीचे डाव झाले, आणि मामाचा पुन्हा फोन. “यादी भारी आहे, पण मजा येत नाहीये. गाणी मधेच तुटतात.”

तुटतात म्हणजे काय, हे कळायला मला वेळ लागला. आणि ते कळलं तेव्हा माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये काय चुकलं होतं तेही कळलं. म्हणून ही पोस्ट.

आधी यंत्र कसं चालतं ते बघू. तुम्ही सीडीचा नंबर दाबता, मग गाण्याचा नंबर. यंत्र ती सीडी उचलतं, तेवढं गाणं वाजवतं आणि ठेवून देतं. पुढचं गाणं दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं असतं, दुसऱ्याच सीडीवरचं. म्हणजे आपण खाचेत अल्बम ठेवतो, पण पाहुणा ऐकतो गाणं. आणि मामाला हवी असते एक रंगलेली संध्याकाळ. अल्बम, गाणं, संध्याकाळ: ही तीन वेगवेगळी एककं झाली. आपण निवड एकावर करतो, अनुभव दुसऱ्याचा येतो आणि निष्कर्ष तिसऱ्याबद्दल काढतो.

आता त्या यादीकडे परत जाऊ. 2003 च्या आणि 2012 च्या यादीत पहिला क्रमांक बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चा (1967) होता. 2020 साली नव्याने मतं घेतली तेव्हा तो 24 व्या क्रमांकावर गेला आणि मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (1971) पहिला आला. या बदलावर पुष्कळ वाद झाला: कोण मतदार होते, कोणाच्या पिढीची आवड, वगैरे. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण आपल्या कामासाठी मजेची गोष्ट निराळी आहे. दोन्ही विजेते अल्बम ज्युकबॉक्ससाठी अवघड आहेत, आणि कारण एकच.

‘सार्जंट पेपर’चं पहिलं गाणं थांबतच नाही, ते सरळ दुसऱ्यात शिरतं. ज्युकबॉक्समध्ये पहिलं लावलं तर टाळ्यांच्या आणि घोषणेच्या ऐन भरात यंत्र सीडी काढून घेतं. दुसरं लावलं तर ते कुठूनतरी मधूनच सुरू झाल्यासारखं वाटतं. मार्विन गेच्या अल्बमचंही तसंच. शीर्षकगीत एकटं उभं राहतं, पण त्यापुढचं गाणं आधीच्या गाण्याच्या शेपटातून निघतं. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (1973) तर जवळजवळ अखंड शिवलेला आहे. त्यातलं ‘मनी’ चालेल, पण ‘ऑन द रन’ एकटं लावलं तर पाहुण्यांना यंत्र बिघडलं असं वाटेल. (वाटलंच. मामाचे एक मित्र उठून प्लग बघायला गेले.) ‘ॲबी रोड’च्या (1969) दुसऱ्या बाजूची सुमारे सोळा मिनिटांची माळ, तिचे मणी सुटे काढले की हातात दोराच राहतो.

हे अल्बम वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. उलट, ज्या गुणासाठी समीक्षकांनी त्यांना वर बसवलं, म्हणजे अखंडपणा, तोच गुण इथे नडतो. त्या यादीचा निकष ‘अल्बम एक कृती म्हणून किती मोठा’ असा आहे. आपला प्रश्न होता, ‘या अल्बममधलं कुठलंही गाणं दुसऱ्या कुठल्याही गाण्यानंतर तग धरेल का?’ मी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवलं. यादीची चूक नाही, माझी आहे.

नवा प्रश्न लावला की क्रम पार बदलतो. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ (1982): गाणी नऊ, त्यातली सात सिंगल म्हणून बाजारात आली. कुठलाही नंबर दाबा. फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’ (1977) तसाच. स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (1976) उत्तम, पण दोन सीडींचा, म्हणजे दोन खाचा खाणार. माझ्या मते त्या द्याव्यात. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये (1959) पाचच तुकडे, काही नऊ-अकरा मिनिटांचे, पण प्रत्येक स्वतःपुरता पूर्ण. रमी खेळताना याहून चांगलं काही नाही.

आणि आपला हिंदी चित्रपटसंगीताचा अल्बम तर जणू याच यंत्रासाठी जन्मला आहे. ‘गाईड’ (1965) घ्या. (सचिनदेव बर्मनांचा चित्रपट, आपला गाईड नव्हे, तो एकटा लावता येत नाही.) ही गाणी लोकांनी सिनेमाबाहेर ऐकली ती रेडिओवर, सुटी सुटी, दुसऱ्या चित्रपटांच्या गाण्यांच्या मधे. तिथे जे टिकलं ते ज्युकबॉक्समध्ये टिकणारच. भीमसेन जोशींच्या अभंगांच्या सीडीही सहज बसतात. ‘जैत रे जैत’ (1977) मात्र अडवतो: ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यात गाण्यांतून गोष्टच सांगितली आहे, त्यामुळे त्यातली काही गाणी सुटी बहरतात आणि काही आधीच्या प्रसंगाची वाट बघत बसतात. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (1967) मला वाटलं बाद होईल. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी त्यात मेंढपाळाचा एक दिवस उभा केला आहे, सकाळच्या रागापासून पुढे. पण तुकडे सुटे वाजतात आणि गोड वाजतात. रात्री साडेनऊला कुणी अहिरभैरव लावला तर मामाच्या कपाळाला आठ्या पडतात, एवढंच.

इथपर्यंत सोपं होतं. खरी गोम पुढे आहे.

‘अल्बम’ हेच एकक मानलं की आपण कुणाला दाराबाहेर ठेवतो? अल्बम हा शब्द मुळात 78 च्या तबकड्यांचे संच ज्या वहीसारख्या पुठ्ठ्यात बांधून विकत, त्याचा. एलपी आली 1948 साली. अब्दुल करीम खाँ 1937 मध्येच गेले. बालगंधर्वांची नाट्यपदं आपल्यापर्यंत आली ती तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवरून. यांचा ‘अल्बम’ कुठून आणणार? जे मिळतं ते नंतर कुणीतरी केलेलं संकलन. आणि माझ्या पहिल्या यादीत मी शिस्तीत नियम घातला होता: संकलनं नकोत, फक्त मूळ अल्बम! वाचायला किती शास्त्रशुद्ध वाटतं. प्रत्यक्षात त्या एका ओळीने भारतीय ध्वनिमुद्रणाची 1902 पासूनची जवळजवळ पन्नास वर्षं पुसली गेली. गंमत म्हणजे ‘रोलिंग स्टोन’वाल्यांनीसुद्धा हा कडकपणा केला नव्हता. चक बेरीचं ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ हे 1982 चं संकलन त्यांच्या 2003 च्या यादीत 21 वं होतं.

शिवाय विरोधाभास बघा: ज्युकबॉक्सच्या स्वभावाला सगळ्यात जवळचं संगीत हेच आहे. तीन मिनिटांत राग मांडून संपवणारी अब्दुल करीम खाँची तबकडी ज्युकबॉक्समध्ये जशी बसते, तशी पन्नास मिनिटांच्या एकाच ट्रॅकची ख्यालाची सीडी कधीच बसणार नाही. ती एकदा लागली की बाकीच्यांनी जेवून घ्यावं.

आवृत्तीचा मुद्दा थोडक्यात सांगते. ‘काइंड ऑफ ब्लू’ म्हणजे नेमका कोणता? पहिल्या बाजूचे तीन तुकडे ज्या यंत्रावर मुद्रित झाले ते किंचित हळू चालत होतं, त्यामुळे तबकडीवर ते जरा वरच्या सुरात वाजत. हे 1992 मध्ये दुरुस्त झालं. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये (1966) ब्रिटनमध्ये 14 गाणी होती, अमेरिकेत 11. ग्रंथाची आवृत्ती न लिहिता उतारा देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग मामाने एक तोडगा काढला, जो तुमच्यापैकी अनेकांना पटेल. यंत्रात प्रत्येक सीडी किती वेळा लागली त्याचा हिशेब राहतो. “सहा महिने आकडे बघू, जे वाजत नाही ते काढू.” आकडे आले की आपल्याला धीर येतो. पण अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक 1944 ते 1957 अशी ज्युकबॉक्सवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची यादीच छापत असे, आणि तिची मर्यादा हीच होती: यंत्रात जे ठेवलंय तेच वाजू शकतं. 1946 च्या प्रसिद्ध वुर्लिट्झर 1015 मध्ये निवडीला 24 गाणी होती. पंचविसावं गाणं लोकांना आवडत नव्हतं की ते मिळतच नव्हतं, हे आकडा सांगू शकत नाही. मामाच्या पहिल्या यादीत बालगंधर्व नव्हते, म्हणून त्यांचा आकडा शून्य. त्या शून्यावरून आवड मोजायची?

आता माझी गोष्ट. मला दिवाळी अंकांतल्या कथांवर काम करायचं होतं. मी पुरस्कार मिळालेले चाळीस अंक निवडले, कारण ‘दर्जेदार नमुना’ हवा. सिनॉप्सिस मांडताना समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “तुम्ही निवडलेत अंक, वाचताय कथा, आणि निष्कर्ष काढताय लेखिकांबद्दल. पुरस्कार कशाला मिळाला होता?” पुरस्कार अंकाला होता. संपादन, मांडणी, मुखपृष्ठ, सगळ्याला. त्या अंकांतल्या सामान्य कथा त्याच पाकिटातून फुकट आत आल्या होत्या, आणि बिनपुरस्काराच्या अंकांतल्या चांगल्या कथा बाहेर राहिल्या. थोडक्यात, मीही खाचा भरल्या होत्या, गाणी निवडली नव्हती. सहा महिने गेले. तुम्ही शाळा निवडून विद्यार्थी मोजत असाल आणि शिक्षकांबद्दल बोलत असाल, तर आजच आराखडा उघडा आणि तीन कागदांवर तीन एककं लिहा.

मामाची दुसरी यादी सध्या अशी आहे: चाळीस सीडी अशा की कुठलंही गाणं चालेल. तीस संकलनं, त्यात 78 च्या काळातले सगळे. वीस सीडींमधली मोजकीच गाणी चालतात. त्यांच्या पट्टीवर मामाने फक्त तेवढेच नंबर लिहिलेत, बाकीचे खोडलेत. सात खाचा मामीच्या, त्यांना कुठलाही निकष लावायचा नाही असं तिने सांगितलंय. तीन रिकाम्या आहेत. ‘ॲबी रोड’ मी काढायला सांगितला होता, पण मामाने तो ठेवलाय, आणि त्याच्या पट्टीवर लाल पेनने लिहिलंय: दुसरी बाजू ऐकायची असेल तर वर येऊन मला सांगा, सीडी काढून देतो.