वेताळाचे जोडे आणि नारबाची वाडी

आवडत्या कलाकृतींची यादी कोणी मागितली की मी पहिले नाव इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचे घेतो आणि मित्र हसतात. ली फॉकचा फँटम १९३६ साली अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतून अवतरला. १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजालने तो आपल्याकडे आणला. मराठीत त्याचा ‘वेताळ’ झाला. या एका शब्दाने काय केले, ते पाहण्याजोगे आहे.

घाटावरच्या वाचकाला वेताळ म्हटला की विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत आठवते. (पुण्यात वेताळ टेकडी आहे, हे मान्य.) आमच्या सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला, वेतोबा गावाचा राखणदार आहे. तो रात्री फेरी मारतो, त्याची पायताणे झिजतात, म्हणून भाविक त्याला भलेमोठे चामडी जोडे वाहतात. फँटमचे बिरूदही चालत्या भुताचेच. भाषांतरकाराच्या मनात आरवली असेलच असे नाही. पण शब्द इथे नेमका बसला. आम्हा पोरांना हा नायक परका वाटलाच नाही.

गोम तिथेच आहे. वेतोबा गावाचा, गावकऱ्यांच्या नवसाला बांधलेला. फँटम मात्र जंगलातल्या काळ्या टोळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वचक ठेवणारा गोरा माणूस. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि लोकांना तो अमर वाटतो. गुपित ठाऊक असते ते गुरानसारख्या जवळच्यांना आणि वाचकाला. म्हणजे आम्ही गोऱ्याशेजारी बसून त्या ‘भोळ्या’ लोकांना हसत होतो, आणि देवाच्या नावामुळे ते कळलेही नाही. पन्नाशीत पुन्हा वाचताना हे बोचले.

आदित्य सरपोतदारांचा ‘नारबाची वाडी’ (२०१३) मला त्यावरचा उतारा वाटतो. मूळ नाटक मनोज मित्रांचे, बंगाली. म्हातारा नारबा मरेपर्यंत जमीनदाराने दरमहा पैसे द्यायचे, मग वाडी त्याची, असा करार होतो. नारबा काही मरत नाही. जमीनदार बाप आणि मुलगा, दोघेही मनोज जोशीच. बाप गेला तरी तेच तोंड वाडी मागायला पुन्हा हजर! फँटमचीच युक्ती, पण इथे कॅमेरा नारबाच्या बाजूने उभा आहे. विनोद मधूनमधून बटबटीत होतो. प्रभावळकरांचा नारबा तो सावरून नेतो. आमच्याकडेही सातबारा विचारत गाड्या फिरतात, त्यामुळे मला नुसते हसून सुटता आले नाही.

‘श्वास’ (२००४) तिसरा. नातवाची दृष्टी जाण्याआधी आजोबा त्याला जग दाखवतात. चित्रपट सुंदरच, पण गाव त्यात मागे राहिलेले आहे. नारबा गाव सोडत नाही, म्हणून दुसरा क्रमांक त्याचा. पहिला अजून वेताळाचाच. ते जीर्ण अंक टाकवत नाहीत.